भाऊसाहेब नफा भरभर वाचायचे

आमच्या घरात कुणाचा कुणावर विश्वास नव्हता आणि तरी घर मजेत चाललं होतं. वडील, म्हणजे नाना, अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात माल तपासायच्या खात्यात होते. दिवसभर लोखंडाचे तुकडे मापात घालून ‘हा नापास, तोही नापास’ करायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तेच पुढे चालू ठेवायचं. दुधाचा थेंब नखावर घेऊन बघायचे. वाण्याच्या दुकानात गेले की पारडं उलटं करून खाली चिंच चिकटवलीय का ते बघायचे, आणि चिंच नसली की जास्तच संशयाने वाण्याकडे बघायचे. उल्हासनगरच्या कँपातून आणलेलं कापड घरी आल्यावर परत हातावर मोजायचे. आईचा संशय नानांवर, की हे स्टेशनापाशी भजी खाऊन येतात. ती त्यांच्या मिशीचा वास घ्यायची. आणि गोदाआत्या, नानांची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची. तिचा सगळ्यांवरच संशय होता, मांजर धरून.

एकाच गोष्टीवर सगळ्यांचा विश्वास, ती म्हणजे आत्याचा डिव्हिडंड. आत्याच्या यजमानांनी जाण्याआधी दोनच शहाणपणाच्या गोष्टी केल्या असं ती म्हणायची. एक, बदलापूरजवळ खरवईला भाताचा एक तुकडा घेतला, आणि दुसरं, मलंग एनॅमल कंपनीचे चाळीस शेअर घेतले. ही कंपनी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. थाळ्या, वाडगे, मग, टमरेलं, सगळं पांढरंशुभ्र आणि काठाला निळी रेघ. तिथल्या भट्टीचा वास वारा फिरला की आमच्या स्वयंपाकघरात यायचा, आणि तिच्या भोंग्यावर आमचा दिवस चालायचा. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला नानांचा डबा. वर्षातून एकदा डिव्हिडंडचा कागद आला की आत्या तो देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहायची, आणि त्या दिवशी सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी व्हायची. पहिल्या वर्षी शेकडा सहा आले, मग आठ, मग दहा, मग बारा. दरवर्षी आत्याची मान थोडी वर. ती आता आईला विचारून चहा टाकत नसे. माझी शाळेची फी तिने स्वतःहून उचलली. भावाच्या घरात राहणारी विधवा आणि शेकडा बारा मिळवणारी बाई, ह्यात किती फरक असतो ते मी आमच्या ओटीवर बसून बघितलंय.

मी नकला करायचे. म्हणजे दुसरं काही करतच नसे म्हणा ना. शाळेतल्या मुख्याध्यापकबाईंची नक्कल करताना त्याच मागे उभ्या राहिल्या होत्या, आणि मी मागे वळून त्यांच्याच आवाजात “कोण आहे तिकडे?” म्हटलं म्हणून दोन दिवस वर्गाबाहेर. भोंग्याची नक्कल तर अशी जमायची की शेजारच्या कुलकर्णीकाकू फसून भात चढवायच्या. “मुलीच्या जातीला शोभतं का हे?” असं आई म्हणायची आणि लगेच, “बरं, त्या काकूंची कर बघू एकदा.”

माझा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे भाऊसाहेब. हे मलंग कंपनीचे अध्यक्ष. पांढरा कोट, सोन्याची साखळी, आणि आवाज असा की लग्नात मंगलाष्टकं ह्यांनीच म्हणावीत. वर्षातून एका रविवारी सकाळी कंपनीच्या शेडमध्ये शेअरवाल्यांची सभा भरायची. डावीकडे बायकांना जाजम, उजवीकडे पुरुषांना खुर्च्या. येणाऱ्या प्रत्येकाला एक नवी कोरी थाळी, आणि तिच्यात दोन पेढे. शेअरवाले सभेला येत ते थाळीसाठी, हे भाऊसाहेबांनाही ठाऊक होतं. ते वाचत, लोक पेढे खात, आणि शेवटी ते “मंजूर?” म्हणाले की सगळे हात वर जात. हातात थाळी असायची, म्हणून थाळ्याच वर जात. शेडभर पांढरे चंद्र उगवल्यासारखं दिसायचं. आत्याला सोबत म्हणून मी दरवर्षी जायचे आणि घरी येऊन अख्खी सभा करून दाखवायचे. नानांना सभेत प्रवेश नव्हता, कारण शेअर आत्याचे. म्हणून ते माझ्याच सभेला बसत.

त्या वर्षी सभेच्या आधीच सबनीस घरी आले. हे भाऊसाहेबांचे माणूस, घरोघरी हिंडून शेअरचं काम बघायचे, बोलताना सारखे गुडघा चोळायचे. बसल्या बसल्या म्हणाले, “गोदाताई, कंपनी नवे शेअर काढतेय. बाहेरच्यांना नाही हं. आधी आपल्या माणसांना. भाऊसाहेब म्हणाले, गोदाताईंना पहिलं विचारा.”

“मलाच पहिलं?” आत्या म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून मला कसंतरी झालं. तिला आयुष्यात कुणी पहिलं काही विचारलं नव्हतं.

“सहाचे बारा झाले चार वर्षांत. तुम्हीच हिशेब करा पुढे किती होतील.”

आत्याने हिशेब केला. खरवईची जमीन विकायची आणि सगळेच्या सगळे पैसे नव्या शेअरात. गिऱ्हाईकही तयार होतं, कँपातले मूलचंदशेट. त्यांना विटांची भट्टी टाकायची होती. सभा रविवारी, आणि सोमवारी शेट विसाराचे आगाऊ पैसे घेऊन येणार असं ठरलं. एकदा विसार हातात घेतला की आत्या मागे फिरणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नानांनी बोलून बघितलं. पण जो माणूस दूध, कापड, पारडं, पोस्टमन, झालंच तर स्वतःच्या सख्ख्या काकांवर संशय घेतो, त्याने शेअरवर संशय घेतला तर त्याचं कोण ऐकणार?

“थाळी बघ,” नाना म्हणायचे आणि सभेच्या चारही थाळ्या ओळीने मांडून नखाने वाजवायचे. “ही पहिली. जड. आवाज बघ, ठण्ण. ही गेल्या वर्षीची. टिक. थर पातळ केलाय ह्यांनी.”

“तुला नैवेद्याच्या ताटातही खडा दिसेल,” आत्या म्हणायची.

मग आला तो शनिवार. दुपारची जेवणं झाली होती, वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. सगळे सुस्तावले होते. आत्या म्हणाली, “शके, उद्या सभा. जरा भाऊसाहेब होऊन दाखव.” मी आत्याचं पांढरं लुगडं कोटासारखं घेतलं, वेणी साखळीसारखी पुढे सोडली आणि उभी राहिले. गेल्या वर्षीचं भाषण सुरू केलं. “बंधुभगिनींनो, निव्वळ नफा नव्वद हजार आणि संचालक मंडळ सहर्ष शिफारस करीत आहे की डि... व्हि... डंड... शेकडा... बारा!” आई हसून आडवी झाली. आत्याही.

नाना हसले नाहीत. म्हणाले, “थांब. परत म्हण.”

“शेकडा... बारा!”

“ते नाही. त्याच्या आधीचं. नफा.”

“निव्वळनफानव्वदहजार.”

“एवढं भरभर का म्हणतेस?”

“मी कुठे? ते म्हणतात. मंगलाष्टक संपत आलं आणि भटजींना दुसरं लग्न गाठायचंय, असं. डिव्हिडंड आला की मग सावकाश.”

नाना उठून बसले. “दरवर्षी?”

मी आठवून बघितलं. म्हणजे आठवलं नाही, तोंडात घोळवून बघितलं. नुसते आकडे विचारले असते तर मला एकही सांगता आला नसता, गणितात माझी बोंबच होती. पण आवाजात शिरलं की शब्द आपोआप मागे येत, कुत्रं ओळखीच्या माणसामागे येतं तसे. पहिल्या वर्षीचे भाऊसाहेब केले. त्या वर्षी ते नफासुद्धा सावकाश म्हणाले होते, एक लाख... वीस... हजार, अगदी दोन्ही हात पसरून. दुसऱ्या वर्षी एक लाख दहा, जरा घाईत. तिसऱ्या वर्षी एक लाख, मध्येच खोकून. आणि गेल्या वर्षी तो नव्वद, एका श्वासात.

“छापील अहवाल कुठायत?” नानांनी आईला विचारलं.

“ते गुळगुळीत कागद? फळीवर घातले होते. झुरळं झाली म्हणून बंबात टाकले.”

“इंग्रजी होते, तूच म्हणालास उपयोगाचे नाहीत,” आत्या म्हणाली. म्हणजे चार वर्षांचा कंपनीचा सगळा कारभार आता आमच्या घरात एकाच ठिकाणी शिल्लक होता, माझ्या तोंडात. आज मला ह्याचं हसू येतं. तेव्हा मात्र नाना माझ्याकडे जे बघत होते त्याने मी घाबरले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते मला नापास करत नव्हते.

त्यांनी आईची चिंचोक्यांची परडी ओढली. कंपनीचं भांडवल दहा लाख, म्हणजे शेकडा एक म्हणजे दहा हजार. एक चिंचोका दहा हजारांचा. पहिल्या वर्षीचे बारा चिंचोके मांडले. “हे कमावले. ह्यातले सहा वाटले. सहा घरात.” मग दुसरी ओळ. “कमावले अकरा, वाटले आठ. घरात तीन.” तिसरी ओळ. “कमावले दहा, वाटले दहा. घरात काय?”

“काही नाही,” मी म्हटलं.

“आणि गेल्या वर्षी कमावले नऊ.” नानांनी नऊ मांडले. मग परडीतून आणखी तीन काढून शेजारी ठेवले. “वाटले बारा.”

आई आता हसायची थांबली होती. आत्या मात्र त्या तीन चिंचोक्यांकडे बघत राहिली. “हे तीन कुठनं आणलेस?”

“तेच विचारतोय मी. मागल्या वर्षांचं बाजूला ठेवलेलं असणार, त्यातनं. राखीव म्हणतात त्याला. भट्टी दुरुस्त करायला ठेवलेलं असणार, थाळीचा थर जाड ठेवायला. ते संपत आलं असेल म्हणून आता नवे शेअर. अक्का, तुझ्या जमिनीचे पैसे तुलाच डिव्हिडंड म्हणून देतील आणि तू देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहशील.”

“सहाचे बारा झाले ते खोटं?”

“बारा खरेच आहेत. पण नुसते सहाचे बारा बघू नकोस. बाराचे नऊ झाले तेही बघ. वाटप चढतंय आणि कमाई उतरतेय.”

माझा नातू आता फोनवर हेच बघतो. अमुक कंपनी दरवर्षी डिव्हिडंड वाढवतेय, आजी, पण पेआउट, म्हणजे नफ्यातलं वाटप, पंच्याण्णव टक्के आहे, असं काहीतरी सांगतो. मी म्हणते, चिंचोके मांड. त्याला वाटतं म्हातारीचं डोकं गेलं.

आत्या एकदम उठली. “तुला माझं बरं झालेलं बघवत नाही,” ती नानांना म्हणाली. “दुधात पाणी, कापडात लबाडी, आता भाऊसाहेबांत तीन चिंचोके. आणि तेही कुणाच्या साक्षीने? ह्या माकडाच्या! उद्या ही कावळा होऊन बोलली तर श्राद्ध घालशील?” मला ते लागलं. पण ती दारापर्यंत गेली, परत आली, खाली वाकली आणि चौथ्या ओळीतले ते तीन चिंचोके मुठीत घेऊन गेली. संध्याकाळभर ती मागच्या पडवीत वाल निवडत बसली होती. खरवईच्या शेतात भातानंतर लावलेल्या वालातले चांगले, टपोरे दाणे ती दरवर्षी आधी बाजूला काढायची, राखेत घोळून मडक्यात ठेवायची. मग उरलेल्यातलं आम्ही खायचो. पाहुणे आले, सण आला, आईने कितीही मस्का लावला तरी त्या मडक्याला हात नाही.

रविवारी शेड फुलून गेली होती. नव्या शेअरांची बातमी सगळीकडे होती, सबनीस गुडघा चोळत सगळ्यांशी हसत होते. मी थाळी हातात घेतली आणि नखाने वाजवली. टिक. भाऊसाहेब उभे राहिले. निव्वळ नफा आला तसा गेला, माझ्या शेजारच्या बाईने पेढा मोडेपर्यंत तो संपलाही होता. सत्तर हजार. मी आत्याकडे बघितलं, ती समोरच बघत होती. “आणि संचालक मंडळ सहर्ष शिफारस करीत आहे की डिव्हिडंड... शेकडा... चौदा!” टाळ्या. थाळ्या वर जायला लागल्या. “मंजूर?”

आत्याने थाळी वर केली नाही. ती स्वतःच उठली. बायकांच्या जाजमावरनं आजवर कुणी उठलं नव्हतं, चहाला सोडून. मागच्या बाईने तिचा पदर ओढला, “गोदाताई, चहा अजून यायचाय हो.”

“भाऊसाहेब, एक विचारू?”

“विचारा ना, ताई!” काय तो आवाज! लोणी.

“शेतात पिकलं की आम्ही आधी बियाणं काढून ठेवतो. मग खातो. तुमच्याकडे पिकलं सात आणि वाटलं चौदा. तर बियाणं शिल्लक आहे का?”

मग खुर्च्यांकडून हसू फुटलं. “कंपनीत वाल लावायचेत का बाई?” कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, “ताई, चौदा नको असतील तर मला द्या!” भाऊसाहेबही हसले, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, “गोदाताई, आपल्यासारख्या भागधारकांचा विश्वास हेच आमचं बियाणं आणि ते भरपूर शिल्लक आहे!” टाळ्यांचा कडकडाट. वाक्य छान होतं. कुणीही ऐकून खूष व्हावं असं.

आत्या खाली बसली. पेढे तिने खाल्ले नाहीत. घरी येताना ती शिवमंदिराकडे वळली. बाहेर नंदीपाशी चपला काढता काढता माझ्याकडे न बघता म्हणाली, “शके, बियाण्याचं भरभर बोलला ना ग?”

“हो, आत्या.”

“डिव्हिडंडासारखा नाही.”

“नाही. नफ्यासारखा.”

ती आत जाऊन आली, कपाळाला अंगारा लावला, माझ्याही लावला. सोमवारी मूलचंदशेट आले तेव्हा तिने त्यांना चहा दिला, बिरडं खाऊ घातलं आणि विसार परत नेऊ दिला. “क्या हुआ, ताई? भाव कम लगा क्या?” शेट पुन्हा पुन्हा विचारत होते. “भाव बराबर है,” आत्या म्हणाली. “जमीन मेरे को लगती है.”

गोष्ट इथे संपली असती तर आम्ही सगळे शहाणे ठरलो असतो. पण शेकडा चौदा खरोखरच आले. ज्यांनी नवे शेअर घेतले त्यांनाही आले. कुलकर्णीकाकूंकडे नवा रेडिओ आला आणि तो मुद्दाम आमच्या खिडकीकडे तोंड करून ठेवला. सबनीस रस्त्यात दिसले की “काय गोदाताई, वाल कसे आहेत?” म्हणायचे आणि सोबतचे हसायचे. बाजारातही लोक वाल-वाल करायला लागले. ते वर्ष आमच्या घरात फार वाईट गेलं. आधी आम्ही बाहेरच्यांवर संशय घ्यायचो, आता आतल्यांवर सुरू झाला. आत्याला वाटायचं नानांनी तिच्या तोंडचा घास काढला. ती पुन्हा आईला विचारून चहा टाकू लागली. मी नकला करायला उभी राहिले की ती उठून जायची. आणि नानांनी तर दुधाला नापास करायचं सोडून दिलं. थेंब नखावर घ्यायचे, बघायचे आणि काही न बोलता पुसून टाकायचे. हे सगळ्यात भयंकर होतं. घरात दूध पातळ येऊ लागलं तरी कुणी बोलेना.

पुढच्या सभेला आत्या जाणार नव्हती. “तिथे जाऊन परत हसं करून घेऊ?” पण मी तिला ओढत नेलं. दाराशीच कळलं. थाळी नव्हती. पेढेही नव्हते. चहा मगातून, आणि मगांना काठाला रेघच नाही. भाऊसाहेब उभे राहिले आणि वाचू लागले. सगळं सावकाश वाचलं. तोटा सावकाश, भट्टी बंद पडल्याचं सावकाश, डिव्हिडंड नाही हेही सावकाश. त्या माणसाचा तसला आवाज मी आजवर ऐकला नव्हता. कुलकर्णीकाकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी नव्या शेअरांसाठी लेकीच्या लग्नाचे पैसे घातले होते. आत्याने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि सभा संपेपर्यंत काढला नाही. बियाण्याबद्दल ती काही बोलली नाही. सबनीस मान खाली घालून गुडघा चोळत होते. कुणीच हसलं नाही.

काही महिन्यांनी भोंगा थांबला. पहिले काही दिवस अख्ख्या गल्लीत चुली उशिरा पेटत होत्या, सगळ्यांच्या डब्यांना उशीर. शेवटी कुलकर्णीकाकूच येऊन म्हणाल्या, “शके, सकाळी जरा ओरडत जा ग.” मग मी ओरडायचे. जवळजवळ वर्षभर आमच्या गल्लीचा भोंगा मी होते.

त्या हंगामात खरवईचा वाल आला. आत्याने पोतं ओटीवर ओतलं, पण निवडायला बसली नाही. सूप उचललं आणि कामावरून नुकत्याच आलेल्या नानांपुढे ठेवलं. “हं,” ती म्हणाली, “तपास.”

“मी?”

“बियाण्याचा वाल आहे. तुझ्या नजरेखालनं जाऊ दे.”

नानांनी बूटही काढले नव्हते. ते तसेच मांडी घालून बसले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एकेक दाणा उजेडात धरून बघू लागले. आई दारात, मी उंबऱ्यावर. खूप वेळाने त्यांनी दोन दाणे आत्याच्या तळहातावर ठेवले.

“किडके आहेत. नापास.”

आणि गोदाआत्या हसली. वर्षभर कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आल्यासारखी, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसले आणि आईकडे वळून म्हणाली, “मी चहा टाकतेय. तुला हवाय का?”